रंगाची चाचणी

पिट्सबर्गला आमच्या गल्लीत सपाट असं काही नाही.
घर वर, गॅरेज घराच्या पोटात,
आणि रस्त्यावरून गॅरेजकडे घसरणारा ड्राइव्हवे
म्हणजे पाण्याला दिलेलं कायमचं आमंत्रण.
दारापुढे आडवी लोखंडी जाळी,
तिच्याखाली वीतभर खोल चर.
एवढ्याच्या जिवावर घर कोरडं.

घर विकायचं तर रंगाची चाचणी लागते.
चरात हिरवा रंग ओतायचा,
आणि तो रस्त्यातल्या मैल्याच्या गटारात दिसला
तर सही नाही.
म्हणून मी दोन दिवस आधी आले,
वडिलांचे गमबूट घातले. दोन मोजे चढवूनही ते मोठेच.

जाळीचे स्क्रू सहा. चार सुटले.
पाचव्याचं डोकं झिजलेलं,
सहाव्याला रात्रभर तेल पाजलं.
सकाळी पहारीने उचकटली तेव्हा अशी कण्हली
की समोरचा कुत्रा उठून बसला.

मग गाळ.
तो सूपच्या जुन्या डावाने काढायचा, ही वडिलांची रीत.
फावडं चरात मावत नाही.
मेपलच्या भिरभिऱ्या, कुजून काळ्या.
हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, वाळू, टायरचा चुरा.
शर्टाचं एक बटण.
कानातल्या यंत्राची बॅटरी,
जी मीच कुठेतरी ठेवली म्हणून
ते आठवडाभर फोनवर माझ्याशी भांडले होते.
तीन बादल्या भरल्या. तिसरीला झाकण नव्हतं,
दुपारपर्यंत माशांनी पत्ता शोधला.

गॅरेजच्या भिंतीवर, फ्यूजच्या पेटीखाली,
पेन्सिलीने तारखा.
नोव्हेंबर ८४. एप्रिल ८५. नोव्हेंबर ८५.
पानगळ संपली की एकदा, बर्फ वितळला की एकदा.
दुसरी कसलीच डायरी त्यांनी लिहिली नाही.
माझ्या जन्माच्या महिन्यातही एवढंच:
'साफ. वाकडा पाइप.'

२०१५ पासून अक्षर बदललं.
आकडे गोल झाले,
सातावरची आडवी रेघ गेली.
त्या साली त्यांचे गुडघे बदलले होते, दोन्ही.
पेन्सिल तीच, दोऱ्याने खिळ्याला बांधलेली.

"मीच ती," खालच्या घरची डेल्फिन ओक्स म्हणाली,
कुंपणावर कोपर टेकून.
एकतीस वर्षं बस चालवली तिने याच चढांवर.
"उपकारबिपकार नाही हं.
तुमचं तुंबलं की माझ्या तळघरात येतं.
ओंद्रेय खुर्ची टाकून बसायचा
आणि माझं काय चुकतंय ते सांगायचा.
डाव कसा धरावा यावर एकदा
महिनाभर बोलणं बंद होतं आमचं."

अकरा वाजता नगरपालिकेचा मुलगा आला.
मी रंग ओतला, वर वीस मिनिटं पाइपने पाणी सोडलं.
तो रस्त्यात पालथा पडून
गटारात टॉर्च मारत राहिला.
"नाही दिसत," म्हणाला, आणि कागदावर सही केली.
मग गेला कुठे?
"ते या कागदावर विचारलेलं नाही."

संध्याकाळी डेल्फिनचा फोन. "ये. बूट घालून ये."

आमच्या दोन घरांमधली दगडी भिंत,
तिच्या खालच्या फटीतून
एक पोपटी धार, बारीक, निर्लज्ज,
थेट तिच्या घेवड्याच्या वाफ्यात.
वेल छपरापर्यंत गेलेले.
आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
"आणि मला इतकी वर्षं वाटत होतं
माझ्या हाताला गुण आहे."

निघण्याआधी चरात बादलीभर पाणी ओतलं,
खालचा बाक कोरडा पडला तर वास घरात चढतो.
डाव खिळ्याला लावला.
भिंतीवर आजची तारीख घातली. 'साफ.'
पेन्सिल हातात धरून थांबले जरा.
सोमवारी नवी माणसं येतील,
त्यांना यातलं काय माहीत.
पुढे लिहिलं:
'वाकडा पाइप. खाली विचारा.'